चौदा नंबरचं मशीन

अमोलच्या हातात माईक द्यायलाच नको होता. एरवी मवाळ माणूस. घरात बायकोनं आवाज चढवला की चप्पल घालून बाहेर पडणारा. पण वाडीच्या त्या गोदामात सकाळच्या हजेरीला माईक हाती आला, की गड्याच्या अंगात वारं शिरायचं. "हॅलो, हॅलो, सगळ्यांनी इकडं लक्ष द्या" म्हणताना मान आपोआप ताठ व्हायची, आणि पत्र्याच्या छपराखाली आपलाच आवाज घुमताना ऐकून त्याला आतल्या आत गुदगुल्या व्हायच्या.

गोदाम अमरावती रोडला लागून. पंखे, मिक्सर, कूलर यांची खोकी एका दारानं आत यायची, दुसऱ्या दारानं ट्रकांत चढून विदर्भभर जायची. अमोलचं काम मशीनं सांभाळायचं. मशीन म्हणजे फोनच, पण जाडजूड, खोक्यावरच्या काळ्या पट्ट्या वाचणारा. प्रत्येक कामगाराला एक मशीन, प्रत्येक मशीनच्या पाठीवर नंबराचं स्टिकर, आणि कुठला नंबर कोणाचा हे अमोलच्या लॅपटॉपात. आधी पासवर्ड होते. म्हणजे काय, सगळ्यांचा पासवर्ड एकच, आणि तोही पाण्याच्या टाकीवर खडूनं लिहिलेला! कोणीही कोणाच्याही नावानं ट्रक सोडायचा. मुख्य ऑफिसातल्या लोकांनी ते पाहून कपाळाला हात लावला आणि नवा नियम काढला. पासवर्ड बंद, मशीन हीच माणसाची ओळख. चौदा नंबरच्या मशीनवरून गेटपास निघाला, तर तो चौदा नंबरच्या माणसानंच काढला. बोटाचा ठसाही लावून पाहिला होता, पण खोकी उचलून उचलून लोकांच्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या, तेव्हा तो नाद सोडून दिला.

"माणूस खोटं बोलते, मशीन नाही बोलत," हे अमोलचं लाडकं वाक्य. मशीनं वाटली त्या दिवशी त्यानं ते माईकवर म्हटलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या निम्म्या चहा आला म्हणून होत्या, पण ते त्याला कोणी सांगितलं नाही.

चौदा नंबर मायाचा. माया कामठीची. शेअर ऑटो, मग बस, मग दुसरी बस, असं करत यायची आणि तरी शटर उघडायच्या आत हजर असायची. हात असा चालायचा की खोकं समोर आलं न आलं तोच मशीनचा आवाज यायचा. दर आठवड्याला ज्याचं काम सगळ्यांत जास्त, त्याचा फोटो 'हप्त्याचा हिरो' म्हणून पाण्याच्या टाकीजवळ लागायचा, आणि कित्येक महिने तिथं मायाच हसत होती. दसरा झाला आणि काय चमत्कार झाला कोण जाणे, तिथं धर्मेंद्र येऊन बसला! धर्मेंद्र म्हणजे सगळ्या गोदामाचा लाडका. मनानं चांगला, पण कामाला हात लावण्याआधी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणार, काम झाल्यावर खर्रा घोटणार, आणि मधल्या वेळात काम जमलं तर जमलं.

"काय वं मायाताई, म्हातारी झाली काय?" लोक चिडवायचे. "धर्मेंद्रनं मागं टाकलं तुले!"

माया हसायची. "हात तर तेच हायेत, बावा. मशीनलेच काय झालं काय माहीत."

हे वाक्य अमोलच्या कानावर एकदा नव्हे, अनेकदा पडलं होतं. ज्याचं काम मशीनं सांभाळायचं त्याच्या कानावर! पण तो तेव्हा धर्मेंद्रच्या फोटोला चौकट लावून देण्यात गुंतला होता.

मग तो मंगळवार उजाडला. सकाळी सकाळी अमरावतीच्या व्यापाऱ्याचा फोन आला की मिक्सरचा ट्रक पोचलाच नाही. इथून तर आदल्या संध्याकाळी गेटपास निघून ट्रक बाहेर पडलेला. ड्रायव्हरचा फोन बंद. गोदामाचे मॅनेजर ओमप्रकाशजी यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"अमोल, पाह्य बरं लवकर. पास कोणी काढला?"

अमोलनं लॅपटॉप उघडला. चौदा नंबर. माया.

आता इथं थांबायला हवं होतं. प्रत्येक मशीनच्या पोटात त्याचा स्वतःचा एक लांबलचक नंबर असतो, लॅपटॉप मशीनला ओळखतो तो त्यावरूनच. दोन-चार बटणं दाबली की पडद्यावर दिसतो. तो लॅपटॉपातल्या नंबराशी जुळवायचा आणि मगच बोट दाखवायचं, असा नियम होता. आणि तो नियम लिहून केबिनच्या भिंतीवर कोणी चिकटवला होता? अमोलनंच. मिनिटभराचं काम. पण मिनिटभर कोण थांबतो! हजेरीची वेळ झालेली, सगळे रांगेत उभे, आणि माईक तर समोरच होता.

"माया, समोर ये."

रोज तो तिला मायाताई म्हणायचा, तुम्ही म्हणायचा. वयानं मोठी होती ती. त्या सकाळी माईकवर 'ताई' गळून पडली, 'या'चं 'ये' झालं, आणि ते गोदामातल्या प्रत्येकाच्या कानाला लागलं. फक्त अमोलच्या सोडून.

माया समोर आली. कमरेची ओढणी सोडवत, गोंधळलेली. अमोलनं माईकवरच विचारलं, "काल संध्याकाळी मिक्सरच्या ट्रकचा पास तुझ्या मशीनवरून निघाला. ट्रक कुठं पाठवला?"

"मी?" ती म्हणाली. "मी तर शिफ्ट सुटल्याबरोबर निघाली, अमोलभाऊ. मशीन रॅकात ठेवलं अन् बस धरली."

"मंग मशीन काय रॅकातून उतरून आपल्या पायानं गेलं?"

लोक हसले. हो, हसले. हसण्यासारखंच बोलला होता तो, आणि हसू आल्यावर त्याला जरा बरंही वाटलं. मग त्यानं तिच्या हातातलं मशीन घेतलं, उलटं केलं, पाठीवरचा चौदाचा आकडा सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. "माणूस खोटं बोलते," तो म्हणाला, "मशीन नाही बोलत."

मागून कोणीतरी पुटपुटलं, "ही तर दसऱ्याच्या पूजेलेही नव्हती." कोण बोललं ते अमोलनं पाहिलं नाही. पण ते ऐकून त्याची मान हलली. थोडीशीच, पण हलली. मायानं ती हललेली पाहिली.

ओमप्रकाशजींनी झडती घ्यायला सांगितलं. ट्रकभर मिक्सर काय बाईच्या पिशवीत मावणार होते? पण झडती घ्यायची म्हणजे घ्यायची. गेटवर बायकांची तपासणी करणारी पुष्पलता पुढं झाली. रोज मायाबरोबर जेवणारी बाई ती. पिशवीतून कंगवा निघाला, बसचा पास निघाला, डोकेदुखीच्या गोळ्या निघाल्या, आणि डबा निघाला. डबाही उघडला. ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी आणि कागदात बांधलेला गुळाचा खडा, सगळं चाळीस-पन्नास माणसांसमोर टेबलावर. मायानं झाकण परत लावायला घेतलं तर ते बसेना. कितीतरी वेळ ती त्या झाकणाशी झटत राहिली आणि सगळे बघत राहिले.

"चौकशी होईपर्यंत घरी राहा," ओमप्रकाशजी म्हणाले.

माया पिशवी काखेत मारून ट्रकांच्या मधल्या गल्लीतून चालायला लागली. अमोलनं मशीन केबिनमधल्या टेबलाच्या खणात टाकलं, खणाला कुलूप लावलं आणि लॅपटॉपात चौदा नंबर बंद केला. चोराच्या हाताला लागलेलं मशीन पहिल्यांदा बंद करायचं, हा त्याचा आणखी एक नियम. हा मात्र त्यानं चटकन पाळला.

पाच मिनिटं गेली नसतील. केबिनच्या दारात धर्मेंद्र. तळहातावर अर्धा घोटलेला खर्रा, दुसऱ्या हातात मशीन.

"अमोलभाऊ, माझं मशीन मेलं गा! चालता चालता बंद. पाह्य, काय लिहून येऊन राहिलं."

पडद्यावर लिहिलं होतं: हे मशीन बंद करण्यात आलं आहे.

अमोल काही बोलणार तोच टेबलाच्या खणातून आवाज आला. नवा माल आला की मशीन करतं तोच खणखणीत आवाज. बंद केलेलं मशीन, कुलपातलं मशीन, आणि ते मजेत बोलत होतं!

अमोलनं खण उघडला. धर्मेंद्रच्या मशीनच्या पोटातला नंबर काढून पाहिला. मग खणातल्या मशीनचा. लॅपटॉपाशी जुळवला. धर्मेंद्रला खाली बसवून पुन्हा जुळवला. विश्वास बसेना म्हणून तिसऱ्यांदा एकेक आकडा बोटानं मोजत जुळवला. शंकाच नको. धर्मेंद्रच्या हातातलं मशीन मायाचं होतं आणि खणातलं, पाठीवर चौदा नंबर मिरवणारं, धर्मेंद्रचं.

आणि मग त्याला दसरा आठवला.

दसऱ्याला गोदामात मशीनांची पूजा. तराजूची, ट्रॉलीची, फोर्कलिफ्टची करायचेच. यंदा कोणीतरी म्हणालं, आता पोट तर या फोनांवरच आहे, यांचीही करा की. रॅकमधली सगळी मशीनं काढून टेबलावर पालथी मांडली, पाठीवरच्या नंबरांना कुंकू लागावं म्हणून पालथी! पुष्पलतानं हळद-कुंकू चांगलं पाण्यात कालवून भरभरून लावलं, वर झेंडूची फुलं, आपट्याची पानं. माया त्या दिवशी दीक्षाभूमीला. दरवर्षीच जाते; घरी चार दिवस गावाकडचे पाहुणे असतात, त्यांना घेऊन जाते. तिनं रीतसर सुट्टी मागितली होती आणि अमोलनंच हजेरीत तशी नोंद केली होती. तिचं मशीन रॅकात होतं, तेही इतरांबरोबर टेबलावर आलं.

पूजा झाली, प्रसाद झाला, सगळे घराकडं पळाले. ओल्या कुंकवानं स्टिकरांचा डिंक सुटला होता. अमोल ओल्या फडक्यानं मशीनं पुसायला लागला तशी स्टिकरं एकेक करून ताटात उतरली. आता प्रत्येक मशीनच्या पोटातला नंबर पाहायचा, लॅपटॉपात बघायचं आणि त्याचंच स्टिकर त्याला लावायचं. पण बायको-पोरगी तयार होऊन फोनवर फोन करत होत्या, रावण जळायची वेळ होत आली होती. त्यानं अंदाजानं लावली. याचा कोपरा घासलेला, हे याचंच असेल. याच्या कव्हराला ओरखडा, हे त्याचंच. उद्या येऊन तपासू म्हणाला. उद्या सुट्टी होती, परवा ट्रकांची गर्दी होती, आणि मग ते विसरूनच गेला. बाकीची बरोबर बसली होती. चुकली ती दोनच.

म्हणजे मायानं तेव्हापासून केलेलं सगळं काम धर्मेंद्रच्या नावावर जात होतं. त्याचा फोटो भिंतीवर होता तो तिच्या हातांच्या जोरावर. आणि धर्मेंद्रनं काढलेला गेटपास तिच्या नावावर.

"धर्मेंद्र," अमोल म्हणाला. "काल संध्याकाळी मिक्सरचा ट्रक तू सोडला काय?"

"हाव ना. दोन गाड्या होत्या लागून. एक अमरावतीची, एक यवतमाळची." धर्मेंद्रनं खर्रा तोंडात टाकला, आणि तोंड तसंच उघडं राहिलं. "अबे! मी उलटं तर नाही केलं?"

उलटंच केलं होतं. मिक्सरांना यवतमाळचा पास दिला होता, आणि अमरावतीचा पास लागलेली दुसरी गाडी अजून आवारातच उभी होती. दुपारपर्यंत ड्रायव्हरचा फोन लागला. बिचारा यवतमाळात गाडी उभी करून, फोन चार्ज करायला जागा शोधत, माल कुठं उतरवायचा म्हणून लोकांना विचारत फिरत होता. चोरी नव्हती, काही नव्हतं. ओमप्रकाशजींनी धर्मेंद्रला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं, चहा मागवला.

"होते गा कधी कधी," ते म्हणाले. "पण जरा पाहून दाबत जा. अन् तो खर्रा कमी कर."

धर्मेंद्र कान पकडून हसला. ओमप्रकाशजी हसले. अमोलही हसला, आणि हसता हसता त्याच्या लक्षात आलं की आपण काय करून राहिलो.

"सिस्टीमची गडबड होती असं लिहून टाक," ओमप्रकाशजी त्याला म्हणाले. "अन् मायाले फोन कर. उद्यापासून ये म्हणा."

कोणी विचारलं नाही स्टिकरं कोणी लावली म्हणून. अमोलनंही सांगितलं नाही. वाचलो, असं त्याला वाटलं, आणि वाटल्याबरोबर स्वतःची अशी किळस आली की हातातला चहा त्यानं तसाच खाली ठेवला.

मायानं फोन उचलला नाही. तेव्हा काम सुटल्यावर तो गाडी घेऊन कामठीला निघाला. वाटेत स्वतःला समजावत गेला. मी काही तसला माणूस नाही. कॉलेजात धम्मदीप माझा जिवलग दोस्त होता, एका ताटात जेवलो आम्ही, त्याच्या बहिणीच्या लग्नात वाढायला होतो मी. असं मोजत मोजत ऑटोमोटिव्ह चौक मागं पडला. अहो, पण पुरावा कोणी मागितला होता तुमच्याकडं? कोणीच नाही. आणि तरी माणूस वाटभर पुरावे गोळा करत होता.

मायाचं घर विणकरांच्या हातमागांच्या गल्लीत. खटखट खटखट चाललेली, बोलायचं तर आवाज चढवायला लागायचा. दारात तिची सासू बायजाबाई तांदूळ निवडत बसलेल्या. ऑफिसातून आलो म्हटल्यावर त्यांनी सूप बाजूला सारलं, पदरानं खुर्ची पुसली.

"बसा बसा, बावा. माया आतमंदी हाय. तिची तब्येत बिघडली म्हणून लवकर आली आज. तुमीच पाठवलं न घरी? लय चांगलं केलं."

म्हणजे तिनं घरी सांगितलंच नव्हतं. लाज ज्यांना वाटायला हवी ते केबिनमध्ये चहा पीत होते, आणि ती लाज ही बाई ओढणीत बांधून कामठीपर्यंत घेऊन आली होती, सासूपासूनही लपवून.

"चांगलं हाय तुमचं ऑफिस," बायजाबाई बोलतच होत्या. "आमच्या सुनेची इज्जत हाय तिथं. भितीवर फोटो लावला होता म्हणे तिचा. माणसाची किंमत करणारे लोक कुठं भेटतात आजकाल?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते का म्हणतात, हे अमोलला त्या खुर्चीवर कळलं. तेवढ्यात माया चहा घेऊन आली. कप त्याच्या हातात दिला, चेहऱ्यावर काही नाही. सासूसमोर एवढंच म्हणाली, "घ्या साहेब."

साहेब! आजवर भाऊ होता तो.

चहा संपल्यावर ती त्याला सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत आली. तिथं त्यानं एका दमात सांगून टाकलं. ट्रक सापडला, चोरी नव्हतीच, मशीनची अदलाबदल झाली होती, उद्यापासून या.

"मंग कोणाचं निघालं?" तिनं विचारलं.

"धर्मेंद्रचं."

"त्याचा डबा उघडला काय?"

अमोल खिशात गाडीची किल्ली चाचपायला लागला.

"त्याले माईकवर बोलावलं?"

मागांची खटखट चालूच होती. अमोलला वाटलं, ती थांबू नये.

"येईन मी उद्या," माया म्हणाली. "मले नोकरी पाहिजे, त्यात काय खोटं बोलू. पण ज्या माईकवर नाव घेतलं न माझं, त्याच माईकवर सांगा. घरी येऊन नका सांगू. घरी कोणी नव्हतं हसायले."

दुसऱ्या दिवशी सकाळी माईक त्याच्या हातात जड लागला. ओमप्रकाशजी बाजूलाच उभे. "सिस्टीम म्हण," ते हळूच म्हणाले. "तुझं नाव कायले घेतो मधात." अमोलनं सुरुवात तशीच केली. "काल जे झालं ते सिस्टीमच्या..." आणि त्याची नजर रॅकपाशी गेली. माया तिथं उभी होती. पिशवी काखेत, झाकण नीट बसलेला डबा त्यात. ती रागानं पाहत नव्हती. नुसती पाहत होती.

"सिस्टीमची चूक नव्हती," अमोल म्हणाला. "माझी होती."

मग त्यानं सगळं सांगितलं. दसरा, ओलं कुंकू, ताटात उतरलेली स्टिकरं, रावण पाहायची घाई, अंदाज. "मायाताईंचा काही दोष नव्हता," तो म्हणाला. "काल धर्मेंद्र मशीन घेऊन आला, तेव्हा मी एकदा नाही, तीनदा नंबर जुळवून पाह्यला. पक्की खात्री केली. मगच बोल्लो. मी सगळ्यांसमोर मायाताईंची माफी मागतो."

जमलं एकदाचं, असं त्याला वाटलं. आणि लोक तरी किती चांगले! "जाऊ दे गा अमोलभाऊ, होते," कोणीतरी ओरडलं. पुष्पलता म्हणाली, "माझंच चुकलं, बाई, पाणीच जास्त झालं कुंकवात." धर्मेंद्रनं टाळी वाजवली, बाकीच्यांनीही वाजवल्या. धर्मेंद्रला माफ केलं तसंच, तितक्याच सोपेपणी, त्यांनी अमोललाही करून टाकलं.

टाळ्या ओसरल्या तशी माया पुढं आली. माईकपाशी. आवाज चढवला नाही तिनं, पण माईक चालू होता.

"धर्मेंद्रभाऊचं मशीन तीनदा पाह्यलं म्हणता."

"हो."

"काहून?"

"खात्री करायला. म्हणजे उगाच एखाद्यावर..." आणि अमोल तिथंच अडकला.

"माझं एकदा तरी पाह्याचं होतं न, साहेब," माया म्हणाली. "एकदा."

स्टिकरं कशी चुकली हे अमोलला सांगता येत होतं. घाई होती, ओलं होतं, डिंक सुटला होता. पण हे कसं सांगणार? धर्मेंद्रनं चोरी केली असेल हे त्याच्या मनात येईचना, म्हणून त्यानं मशीन तपासलं. मायानं केली असेल हे मनात यायला काहीच अडचण आली नाही, म्हणून नाही तपासलं. इतकंच होतं ते. ते त्याला आता लख्ख दिसत होतं, समोरच्या सगळ्यांना दिसत होतं, आणि काल हसलेला प्रत्येक माणूस आपापल्या पायांकडं बघत होता. धम्मदीपची ती सगळी ताटं, ती सगळी लग्नं आठवून अमोलला त्या क्षणी उलट जास्तच लाज वाटली.

मायानं रॅकमधलं नवं स्टिकर लावलेलं मशीन उचलून त्याच्यापुढं धरलं.

"आता पाह्या. हे माझंच हाय काय ते पाह्या. अन् वाचा."

त्यानं बटणं दाबली. पडद्यावर तो लांबलचक नंबर आला. तो मनात वाचायला लागला तशी ती म्हणाली, "मोठ्यानं." मग अमोलनं एकेक आकडा माईकवर वाचला. ओमप्रकाशजींनी लॅपटॉप समोर धरला, त्यातूनही वाचला. त्याचा तो आवडता घुमणारा आवाज छपराला आदळून परत येत होता आणि प्रत्येक आकड्यागणिक फाटत होता. शेवटचे आकडे तर नीट ऐकूच आले नाहीत. पण जुळले. मायानं मशीन घेतलं आणि कामाला लागली.

त्या सकाळनंतर अमोलनं हजेरीचा माईक पुष्पलताकडं देऊन टाकला. लॅपटॉपातला सगळा हिशोब नीट केला. दसऱ्यापासूनचं काम ज्याचं त्याच्या नावावर लावलं. अर्थातच माया पहिली. धर्मेंद्रचा फोटो त्यानं स्वतः उतरवला, आणि रिकामी चौकट हातात घेऊन तिच्याकडं गेला. ती खोकी लावत होती. मशीनचा आवाज एकामागून एक येत होता.

"मायाताई, तुमचा जुना फोटो सापडत नाही. एखादा नवा असला तर द्या न. तिथं लावायचा आहे."

तिनं हातातलं खोकं संपवलं. पुढचं घेतलं. मग त्याच्याकडं न बघताच म्हणाली, "माझा फोटो कायले, साहेब? सगळे ओळखतात आता मले."

अमोल चौकट घेऊन केबिनमध्ये परत आला.